शिपायांची आखणी

आमच्या घरात चारशे बारा शिपाई आहेत. बोटाच्या दीड पेराएवढे, प्लास्टिकचे, अर्धे निळ्या कोटातले आणि अर्धे लाल. सगळे मी रंगवलेत. बटणं, पट्टे, बुटांच्या टाचा, बंदुकीची नळी, टोपीवरचा तुरा, सगळं जागच्या जागी आहे. फक्त डोळे नाहीत. डोळ्यांच्या खोबणीत एक पातळ तपकिरी ओघळ सोडलाय, त्यामुळं लांबून सावली पडल्यासारखी दिसते आणि कुणाला काही खटकत नाही. जवळून बघणारा मात्र विचारतोच. त्याला मी अकरा वर्षं एकच उत्तर देत आले. माझ्या माहेरी गणपतीचा कारखाना होता. मूर्तीचे डोळे काढण्याला आमच्यात आखणी म्हणतात. आखणी झाली की मूर्तीत जीव येतो, मग तिला कुठंही टाकता येत नाही. हे शिपाई तर दर रविवारी मरतात आणि डब्यात कोंबले जातात. म्हणून डोळे नाहीत.

उत्तर ऐकून माणसं मान डोलावतात. एका बाईंनी तर शिपायांना हात जोडले होते. पण उत्तर खोटं आहे, आणि आता खोटं सांगायचाही कंटाळा आला आहे.

आखणीबद्दल सांगते ते मात्र खरं. श्रावण लागला की वडील सकाळी अंघोळ करून, काही न खाता, कारखान्याचं दार लोटून घेऊन आखणीला बसत. अंगाचा रंग, पितांबर, दागिने हे सगळं कुणीही करायचं, शेजारची पोरंसुद्धा. डोळे फक्त वडील. मी नववीत गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरून बघितला, दोन मिनिटं तसाच धरून ठेवला, आणि शून्य नंबरचा ब्रश माझ्या हातात दिला. आधी पांढरं, मग बुबुळ, मग वरच्या पापणीची रेघ, ती कानाकडं निमुळती काढायची. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. ठिपका देताना श्वास सोडायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की नजर सरळ ठेवायची नाही. मूर्ती वर मांडलेली असते, माणूस खाली पाटावर बसतो. म्हणून बुबुळ खालच्या पापणीला टेकवायचं. झालं की वडील मूर्ती स्टुलावर ठेवत आणि समोर फरशीवर बसत. जरा डावीकडं सरकत, जरा उजवीकडं. मग म्हणत, "बसली नजर." कधी म्हणत, "नाही बसली, पुस." मी किती डोळे पुसलेत त्याला गणती नाही.

पुढं मी शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केलं, सोलापूरच्या नव्या वस्तीत, जुळे सोलापुरात, फ्लॅट घेतला. वडील थकले, कारखाना बंद झाला. शाळेत मी मुलांचे डोंगर आणि त्यांमधून उगवणारे सूर्य तपासत राहिले. शून्य नंबरचा ब्रश पुन्हा हातात घ्यायची वेळ आली ती या शिपायांमुळं.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याच सुमाराला त्यांच्या मित्रानंही ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान मुलांच्या हवाली केलं. दोघं वैरागच्या शाळेत एका बाकावर होते, तेव्हापासूनचे मित्र. मित्राची मुलगी आखातात असते. अब्बांना आता रिकामा वेळ आहे म्हणून तिनं सुट्टीला येताना एक खोका आणला. खोक्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटी आणि चौकटींना चिकटलेले शिपाई. ते कापायचे, जोडायचे, रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि टेपनं अंतर मोजून, फासे टाकून लढाई खेळायची. सोबत नियमांचं जाडजूड पुस्तक. आमच्या ह्यांनी आयुष्यभर सरकारी नियम वाचले होते. त्यांना ते पुस्तक बघून भूक लागल्यासारखं झालं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, इथं तर न्हावी दोन होते.

आपल्या इतिहासातली लढाई का नाही मांडत, असं मी तेव्हा विचारलं होतं. मित्र म्हणाला, "नको भाभी. आपली मांडली तर आधी कोण हरणार ते ठरवावं लागतं. ते ठरवायला दोन पेठा जमतील." म्हणून त्यांनी फ्रेंच आणि इंग्रज घेतले. ह्यांचे निळे फ्रेंच, मित्राचे लाल इंग्रज. हरले तर सोलापुरात कुणाला वाईट वाटायला नको.

जेवणाच्या टेबलावर प्लायवूड टाकलं, त्यावर आमची हिरवी चादर, उलटी, म्हणजे मोराची नक्षी खाली जाते. चादरीखाली माझी जुनी पुस्तकं सारली की टेकड्या होतात. तारेचा काथ्या हिरव्या रंगात बुडवून झाडं. नदीसाठी माझ्या एका साडीचा निळा काठ गेला. खेळाचा एक नियम मला पहिल्याच रविवारी पाठ झाला, कारण त्यावरून दोघं तासभर भांडले. शिपाई ज्या बाजूला तोंड करून उभा, त्याच बाजूचं त्याला दिसतं, त्याच बाजूला तो गोळी झाडू शकतो. पाठीमागून कुणी आलं तर त्याला कळत नाही, तो मेला. तोंड कुठं आहे यावर सगळी लढाई.

रंगवायचं काम माझ्याकडं कसं आलं हे सांगायला नको. ह्यांच्या हातात ब्रश म्हणजे कुऱ्हाड. ते कापायचे आणि जोडायचे, आणि जोडताना स्वतःची बोटं एकमेकांना चिकटवून घ्यायचे. मग शेजारी खुर्ची टाकून, उंटावरून शेळ्या हाकत, पुस्तकातून मला कोटाच्या कॉलरचा रंग वाचून दाखवायचे.

पहिले वीस निळे मी तीन आठवड्यांत रंगवले. वडील जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. सोलापूरचा मे महिना, ब्रश बाटलीतून शिपायापर्यंत येईस्तोवर रंग वाळून जायचा. मी स्टीलच्या डब्याच्या झाकणात ओलं फडकं पसरून त्यावर बटर पेपर ठेवला, त्यावर रंग टिकायला लागला. कोट झाले, पट्टे झाले, आणि एका सकाळी मी अंघोळ करून, चहासुद्धा न घेता, डोळ्यांना बसले. ह्यांना सांगितलं नाही. हसतील असं वाटलं. आधी पांढरं, मग बुबुळ, मग पापणीची रेघ, शेवटी ठिपका. विसाव्याला ठिपका दिला तेव्हा माझी मान आखडली होती आणि मी रडत होते. खूप दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं होतं.

रविवारी मित्र आला. वीसजण चादरीवर ओळीनं मांडलेले. त्यानं वाकून बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"भाभी, हे लढायला आलेत का आशीर्वाद द्यायला?"

मी त्याच्या जागी उभं राहून बघितलं आणि मला दिसलं. एवढ्याशा तोंडात अर्ध्या गालापर्यंत आलेले कमळासारखे डोळे, कानाकडं निमुळती गेलेली पापणी, आणि वीसच्या वीस शिपाई मायेनं खाली बघतायत. हातात संगिनी आणि चेहऱ्यावर गणपती. कसलेला हात चुकतो तोही शिकवल्याप्रमाणंच चुकतो.

"गोळी कशी मारू यांना, पाप लागंल की," मित्र म्हणाला. तो हसला त्याचं मला काही वाटलं नाही, तो सगळ्यालाच हसतो. पण हेही हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी आत गेले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या, बाहेर ऐकू जाईल अशा.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, ते वीस धुऊन टाका. रंग काढायची युक्ती पुस्तकातच होती. जखमेला लावायचं अँटिसेप्टिक असतं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं, ते बाटलीतलं तसंच ओतून त्यात शिपाई दोन दिवस बुडवायचे, मग जुन्या टूथब्रशनं घासायचे. रंग निघून प्लास्टिक उघडं पडतं. हे म्हणाले, "बरं." दोन दिवसांनी म्हणाले, "झालं." मी पुढं काही विचारलं नाही, ते वीस नंतर मोजणीतही धरले नाहीत. त्यानंतर मी एकाही शिपायाला डोळे काढले नाहीत, आणि आखणीचं, जीव येण्याचं ते उत्तर तयार केलं. देवाच्या नावावर रुसवा खपवला की कुणी उलट विचारत नाही.

तरी रंगवत राहिले. का, ते मला नीट सांगता येत नाही. घरात एक माणूस लहान मुलासारखा वाट बघत बसलेला असला की नाही म्हणायला ताकद लागते, आणि रंगवायला त्याहून कमी लागते. नवीन खोके येत राहिले. विसाचे शंभर झाले, शंभराचे दोनशे. एका शिपायाच्या कोटाला अकरा बटणं. दोनशे कोटांची बटणं काय होतात ते मी एकदा मनात मोजायला लागले आणि मध्येच थांबले. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ब्रश धुवायला हे दर वेळी स्वच्छ पाण्याची वाटी मागायचे आणि मी दर वेळी तांदूळ धुतलेलं पाणी पुढं करायची. यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी संसारात दुसऱ्या कशावरून झाली नसतील. मग माझा उजवा अंगठा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. अंगठ्याला विश्रांती देऊन स्वयंपाक कसा करायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

मी रंगवायची ती थकल्यासारखी. शाळेत चाळीस वह्या तपासून झाल्यावर पुढच्या चाळीस ओढून घेतो, तशी पुढचा शिपाई ओढून घ्यायची. खेळाकडं मी बघतही नसे. रविवारी दुपारी दोन माणसं एका चादरीवर वाकलेली असायची, आणि मी आत पडून त्यांचा आवाज ऐकायची. "सात आला." "सात कुटं, सा हाय की." "चष्मा पूस." एवढंच. अकरा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांची दुखणी, मुलांची भांडणं, मित्राची बायको गेली ते दुःख, सगळं त्या सहा-सातांच्या मधे कुठंतरी बोलून घेतलं असणार. थेट बोललेलं मी कधी ऐकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचे डोळे बिघडले. साखर जुनी, पडद्याला सूज. आता दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन असतं. सकाळी रिक्षा करायची, दवाखान्यात बाकावर बसायचं, दर दहा मिनिटांनी बाहुली मोठी करायचे थेंब, मग आत नेतात, आणि पट्टी लावून बाहेर आणतात. तीन तास जातात. घरी आल्यावर चार वेळा थेंब, आणि प्रत्येक थेंबानंतर हे डोळा मिटून विचारतात, "पडला का?" मी म्हणते पडला. गालावरून ओघळलेला असतो तरी म्हणते. मी थकले आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. सेवा करणाऱ्या बाईनं थकू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा थेंब घालून बघावेत.

कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं, असं ह्यांचं झालंय. माझ्याशी बोलताना हे माझ्या कानाकडं बघतात, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसतं. वाचणं बंद झालं. नियमांचं पुस्तक मी वाचून दाखवायला लागले. फासे मोठे आणले, ठिपके बोटांनी चाचपता येतात असे. रविवार चालू राहिला, आणि मला वाटलं, बरं चाललंय.

या उन्हाळ्यात एका रविवारी मी पन्हं घेऊन बाहेर आले. ह्यांनी आपली एक तुकडी, बाराजण, टेकडीवर नेऊन ठेवली होती. बाराच्या बाराजणांची पाठ शत्रूकडं आणि तोंडं आमच्या फ्रिजकडं. हे खुर्चीत मागं टेकून समाधानानं म्हणाले, "झाली माझी पाळी." मित्रानं माझ्याकडं बघितलं. मग एक हात पुढं करून, बोलणं न थांबवता, एकेका शिपायाला उलटं फिरवलं. सवयीचा हात होता. पहिल्यांदा फिरवणाऱ्याचा असा हात नसतो.

जाताना मी त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेले.

"कधीपासून फिरवताय?"

"दसऱ्यापासून असंल." तो चपलांकडं बघत म्हणाला. "त्याला बोलू नका भाभी. पाठ आणि तोंड एकसारखंच दिसतं त्याला. मी फिरवतो ना. काय वेळ लागतो त्याला."

मी बोलले नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी दवाखान्यातून येताना, रिक्षातच, हे आपणहून म्हणाले, "ते सगळं देऊन टाकू आता. पुण्याचा एकजण हाय, खेळणारा. न्यायला येतो म्हणतोय."

"का?"

"का म्हणजे काय? त्यो माझी माणसं फिरवतो. मला काय कळत न्हाय व्हय? मधलं दिसत न्हाय, कडेचं दिसतंय की. माझी पाळी झाली की त्याचा हात पयला माझ्या बाजूला येतो." मग त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "मला सांभाळून घेतोय त्यो. असलं खेळणं नको मला."

खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. टेबल जेवायला मिळेल, अंगठा थांबेल, दर रविवारी दोन माणसांचं पन्हं आणि चिवडा थांबेल. घरी येऊन मी ह्यांच्या डोळ्यावरची पट्टी नीट केली, भात लावला, आणि तो आनंद कुकरच्या तीन शिट्ट्यांपर्यंत पुरला. मग लक्षात आलं की सैन्य गेलं की रविवार जाणार. मित्र आला तरी येऊन करणार काय? समोरासमोर बसून बोलायची या दोघांना सवयच राहिलेली नाही, त्यांना मधे काहीतरी मांडून ठेवलेलं लागतं. दोन-चार रविवार चहाला येईल, मग फोन करील, मग फोनही कमी होतील. आणि हे बाल्कनीच्या दाराकडं तोंड करून बसतील, आठवड्याचे सातही दिवस. मधलं पुसट झालेल्या माणसाच्या कडेलाही काही उरणार नाही. मला भीती वाटली, आणि मी तिच्यावर काहीही केलं नाही. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत स्पंज कापून घालायला लागले, शिपाई पुण्यापर्यंत न मोडता जावेत म्हणून.

लाल भरून झाले. निळे निम्मे भरले होते. तो पाण्याचा दिवस होता. सकाळपासून मोटर चालू, मी पिंप, बादल्या, पातेली भरत घरभर फिरत होते. बेडरूममध्ये कोपऱ्यात एक कळशी ठेवते, ती घ्यायला गेले तर हे फरशीवर बसलेले. मला वाटलं पडले. पण पडले नव्हते, मांडी घालून बसले होते, पलंगासमोर. मान एका बाजूला वळवून, कडेच्या डोळ्यानं समोर बघत होते. मोटरच्या आवाजात मी आलेलं त्यांना कळलं नाही. पलंगाच्या कडेवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडा होता आणि त्याच्याजवळ वीस निळे शिपाई ओळीनं उभे होते.

मी ओळखले. माझा हात मी नाही ओळखणार तर कोण.

"हे धुतले होते ना तुम्ही?"

ते दचकले. डबा ओढायला हात गेला आणि तिथंच राहिला. "न्हाय."

"झालं म्हणाला होता."

"तू धुवा म्हणालीस, मी झालं म्हणालो. लई रागात होतीस."

"अकरा वर्षं?"

"माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली. सोलापुरात स्वेटर कोण काढतंय."

मी कळशी खाली ठेवली. "हसला होता तुम्ही."

"हसलो की. तुझ्या बापाचे गणपती फौजेत भरती झालेले. हसू येणार न्हाय तर काय." मग मान तशीच वळवून म्हणाले, "चांगले होते म्हणून हसलो. हसून झाल्यावर बोलणार होतो तर तू भाकरी बडवत होतीस."

मोटर चालूच होती. पिंप भरून वाहायला लागलं असणार, आणि मला तिथून हलवेना. मीही फरशीवर बसले, त्यांच्या शेजारी.

"बाकीच्यांचं तोंड कुटं आणि पाठ कुटं ते मला समजत न्हाय," ते म्हणाले. "सगळा निळा डाग दिसतो. यांचं समजतं. एवढाले डोळे काढलेस, पांढरं दिसतं त्यातलं. जवळ धरला की कुणीकडं बघतोय ते बरोबर कळतं." त्यांनी एक शिपाई उचलून उलटा ठेवला, मग सुलटा. "आणि एक गंमत सांगतो. उभं राहून बघितलं तर खाली मान घातलेली दिसत्यात. पर हितं खाली बसलं की माझ्याकडं बघत्यात. सगळे. दोन-तीन महिने झाले मला ते सापडून."

त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. वडिलांनी जावयाशी कारखान्याचं कधी काही बोलणं केलं नव्हतं, आणि मीही नाही. स्टुलावरची मूर्ती, फरशीवर बसलेले वडील, जरा डावीकडं, जरा उजवीकडं, हे सगळं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी तिथं बसून वर बघितलं. वीसच्या वीस जण माझ्याकडं बघत होते. माझ्याच हातानं काढलेली नजर अकरा वर्षं स्वेटरच्या खाली होती आणि मी चारशे जणांना आंधळं ठेवून बसले होते, एका हसण्यापायी. मला माझा इतका राग आला की रडूही आलं नाही. राग आला आणि दमायला झालं.

"पुण्याला फोन करा," मी म्हणाले. "येऊ नका म्हणावं."

"तुझा अंगठा?"

"अंगठ्याचं मी बघते."

पिंपाखाली घोटाभर पाणी साचलं होतं. ते मी पुसून काढलं, बादलीत पिळलं, आणि ह्यांना सांगितलं की हे ब्रश धुवायचं पाणी आहे, ओतायचं नाही. मग ह्यांच्या मित्राला फोन केला. म्हटलं, या रविवारी आलात की हात खिशात ठेवायचे. त्याला काय समजलं कोण जाणे. मग म्हणाला, "हौ भाभी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर मी टेबलाशी बसले. चहा घेतला, उपाशी पोटी मला आता चक्कर येते. डब्याच्या झाकणात ओलं फडकं पसरलं. निळ्यांच्या खोक्यातून हाताला येईल तो एक काढला, हातात नगारा असलेला. आधी पांढरं, मोठं, लाज न धरता. मग बुबुळ. अंगठा ठणकत होता, म्हणून ब्रश तर्जनी आणि मधल्या बोटात धरला. ते वडिलांना चाललं नसतं. बुबुळ सरळ ठेवायचं असं ठरवून बसले होते, शेवटी ही लढाई आहे. पण हात खालच्या पापणीकडंच गेला, नववीत शिकलेला हात. पुसावं असं मनात आलं. पुसलं नाही. पापणीची रेघ काढली, श्वास धरला, ठिपका दिला.

ह्यांना हाक मारली. ते भिंत धरत आले. मी काही सांगायच्या आत खुर्ची बाजूला सारून, गुडघे धरून, हळूहळू फरशीवर बसले. मी शिपाई टेबलाच्या अगदी कडेला ठेवला. त्यांनी मान वळवली, जरा डावीकडं सरकले, जरा उजवीकडं. मी उभीच होते, ब्रश हातात, आणि पुस म्हणतील की काय अशी नववीतली भीती.

"बसली का नजर?" मी विचारलं.

"बसली की. माझ्याकडंच बघतंय."

मी त्याला वाळायला बाजूला ठेवलं आणि पुढचा ओढून घेतला. अजून चारशे अकरा राहिलेत.